चिनी मुलांना इंग्रजी उतारा वाचायला शिकवताना: नव्या शिक्षकासाठी

चीनमधल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलाला इंग्रजी वाचन शिकवायची वेळ मराठी माणसावर आता अधूनमधून येते. कुणी शांघायच्या आंतरराष्ट्रीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवतं आणि मुलांचं गाडं प्रश्नाच्या इंग्रजीतच अडतं. कुणी सिंगापूर किंवा मेलबर्नला शिकवण्या घेतं आणि नुकतीच चीनहून आलेली मुलं समोर बसतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुण्यात बसून एखाद्या चिनी शिकवणी कंपनीसाठी ऑनलाइन शिकवायचा बेत असेल, तर मात्र आधी नियम नीट पाहा. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले, तेव्हा देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांना शिकवायला नेमण्यावरही बंदी घातली.

अशा मुलाबद्दल नव्या शिक्षकाचा पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. उताऱ्यावरचे प्रश्न चुकले की शिक्षकाला वाटतं, शब्दसंग्रह कमी पडतोय, म्हणून तो शब्दांची यादी देतो. पण यादी पाठ करण्यात या मुलांचा हात धरणारं कुणी नाही. खरी अडचण वाक्यात आहे. मूल इंग्रजी वाक्यातले शब्द उचलतं, मनात चिनी क्रमाने मांडतं आणि त्या मांडणीला जो अर्थ येईल तो खरा मानतं. वाक्य लहान असेल तर निभावतं, लांबलं की अर्थ उलटा होतो. तुमचं बरंचसं काम इथेच आहे, आणि या कामात मराठी शिक्षकाला एक फायदा आहे. तो पुढे सांगतो.

आधी प्रश्नपत्रिका हातात घ्या

चिनी मुलाच्या डोक्यावर उच्च माध्यमिकची तिन्ही वर्षं एकच परीक्षा असते: गाओकाओ, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा. सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली आणि १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली होती. दरवर्षी ७ जूनला ती सुरू होते आणि इंग्रजीचा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ असतो. मूल परदेशी विद्यापीठाची तयारी करत असलं तरी त्याच्या वाचनाच्या सवयी याच पेपरने घडवलेल्या असतात, म्हणून तो पाहिल्याशिवाय शिकवायला बसू नका.

बऱ्याच प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय पेपरची रचना अशी आहे. एकूण १५० गुण. श्रवण ३०. वाचन ५०: त्यात चार उतारे, १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, शिवाय एक उतारा असा, की त्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात आणि दिलेल्या सातांतून योग्य ती पाच निवडायची. या प्रकाराला मुलं ‘छी श्वान वू’ म्हणतात, म्हणजे सातांतून पाच. मग गाळलेल्या १५ जागांसाठी पर्याय निवडायचे, त्याचे १५ गुण. व्याकरणाच्या १० जागांचे १५. लेखनाचे ४०: एक पत्र किंवा सूचना १५ गुणांची आणि एका अर्धवट गोष्टीचे पुढचे दोन परिच्छेद २५ गुणांचे. पत्र लिहिणारा मुलगा जवळपास नेहमी ‘ली ह्वा’ या नावाचा असतो. हे नाव चीनमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचं आहे, पहिल्या तासाला तुम्ही ते घेतलंत तर मूल लगेच खुलतं.

आता बेरीज करा. वाचन ५०, गाळलेल्या जागा १५, गोष्ट पुढे नेणं २५. म्हणजे १५० पैकी ९० गुण मुलाला वाचलेलं किती कळलं यावर उभे आहेत. बीजिंग, शांघाय आणि त्यान्चिन यांचे पेपर वेगळे असतात, शांघायमध्ये इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते. तेव्हा मूल कुठल्या प्रांताचं आहे हे पहिल्याच दिवशी विचारा आणि त्या प्रांताचे जुने खरे पेपर, ज्यांना ‘चन्थी’ म्हणतात, त्याच्याकडूनच मागून घ्या. ते त्याच्याकडे असतातच.

चार उताऱ्यांचे स्वभाव ठरलेले आहेत. पहिला बहुधा माहितीपत्रक, वेळापत्रक किंवा जाहिरात. दुसरा एखाद्या माणसाचा अनुभव. तिसरा आणि चौथा विज्ञान, समाज किंवा एखाद्या संशोधनाबद्दल, बहुतेक वेळा इंग्रजी वृत्तपत्रांतले किंवा मासिकांतले लेख सोपे करून घेतलेले. शेवटच्या उताऱ्यावर चांगली मुलंही अडखळतात.

पहिला तास: चाचणी नको

पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका सोडवायला देऊ नका. अशा चाचण्या मुलाने आधीच भरपूर दिलेल्या असतात, तुम्हाला फक्त एक आकडा कळेल. त्याऐवजी एक छोटा उतारा द्या, तो वाचल्यावर कागद उलटा ठेवायला सांगा आणि काय घडलं ते सांगायला सांगा. मोडक्या इंग्रजीत सांगू दे, हातवारे करू दे, चित्र काढू दे. कोण, कुठे, आधी काय झालं, नंतर काय झालं, एवढंच विचारा.

उतारा कुठला द्यावा? ज्या विषयाची थोडी माहिती मुलाला चिनीतून आधीच आहे, असा. मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर तीनशे शब्दांचा उतारा स्वतः लिहून द्यायला सांगेन. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चीनमध्ये ते ‘ख तीह्वा’ या नावाने ओळखले जातात, हपय प्रांतात त्यांचं स्मारक आहे. मुलाला नाव ऐकून माहीत असेल तर त्याला पुढचं वाचताना आधार मिळतो. नसेल तर तुमच्या गावाचा आणि त्याच्या देशाचा एक खरा दुवा त्याला मिळतो. दोन्ही तऱ्हांनी तास चांगला जातो.

या उताऱ्यात एक गोष्ट मुद्दाम तपासा: विशेषनामं ओळखता येतात का. चिनी लिपीत मोठी अक्षरं नाहीत आणि परदेशी नावं चिनी उच्चारांत बदलून लिहिली जातात. त्यामुळे बीथोव्हेनचं नाव चिनीतून पक्कं माहीत असलेलं मूल तेच नाव रोमन लिपीत पाहून शब्दकोश उघडतं. वाक्याच्या मध्यावर मोठं अक्षर दिसलं की ते नाव आहे, पुढे जा, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे मुलाचा पुढे कितीतरी वेळ वाचतो.

लांब वाक्य: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चिनी शाळांत अशा वाक्यांना ‘छांगनान च्यू’ म्हणतात, लांब-अवघड वाक्य. मुलं या नावाला घाबरतात. पण लांबी ही मुख्य अडचण नसते, अडचण क्रमाची असते.

हे वाक्य घ्या: ‘द ब्रिज द व्हिलेजर्स हॅड बिल्ट आफ्टर द फ्लड कोलॅप्स्ड लास्ट विंटर.’ मराठीत आपण म्हणू, ‘पुरानंतर गावकऱ्यांनी बांधलेला पूल गेल्या हिवाळ्यात कोसळला.’ आता हेच चिनीत म्हटलं तर शब्दांचा क्रम थेट मराठीचाच राहतो: पुरानंतर, गावकऱ्यांनी, बांधलेला, पूल, गेल्या हिवाळ्यात, कोसळला. नामाचं वर्णन करणारं सगळं नामाच्या आधी येतं. ‘मी काल विकत घेतलेलं पुस्तक’ हे ‘वो च्वोथ्यान माय द शू’ होतं, एकेक शब्द जागच्या जागी. इंग्रजी मात्र आधी पूल सांगते आणि मग तो कुणी, कधी बांधला ते मागे जोडते.

मराठी शिक्षकाचा फायदा तो हाच. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्या शिक्षकाला ही अडचण दिसतच नाही, कारण त्याच्या डोक्यात वाक्य तसंच तयार होतं. तुम्ही शाळेत असताना हीच उलटापालट केली आहे. चिनीत कर्म क्रियापदानंतर येतं आणि मराठीत आधी, एवढा फरक आहे खरा, पण वर्णन नामाच्या मागे येणं ही इंग्रजीची चाल आपल्याला आणि त्यांना सारखीच परकी आहे.

शिकवायचं कसं? सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रोज पाच वाक्यं, त्याहून जास्त नको. प्रत्येक वाक्यात मुलाने आधी काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करायची. वरच्या वाक्यात दोन आहेत: ‘हॅड बिल्ट’ आणि ‘कोलॅप्स्ड’. मग प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधून दोघांना रेघेने जोडायचं. बांधलं कुणी? गावकऱ्यांनी. कोसळलं काय? इथे बरीच मुलं ‘पूर’ म्हणतात, कारण ‘फ्लड’ आणि ‘कोलॅप्स्ड’ शेजारी शेजारी आहेत. चूक नेमकी कुठे होते ते तुम्हाला दिसतं आणि मुलालाही दिसतं. त्यानंतर वाक्य तीन तुकड्यांत मोठ्याने वाचायचं: ‘द ब्रिज’, थांबा, ‘द व्हिलेजर्स हॅड बिल्ट आफ्टर द फ्लड’, थांबा, ‘कोलॅप्स्ड लास्ट विंटर’. मोठ्याने वाचणं टाळू नका. गाओकाओमध्ये बोलण्याला फारसं महत्त्व नसल्याने बरीच मुलं इंग्रजी फक्त डोळ्यांनी शिकलेली असतात, आणि वाक्य कुठे तुटतं हे कानाला लवकर कळतं.

चौथी गोष्ट शिस्तीची आहे. वाचून झालेली ओळ कोऱ्या कागदाने झाकायची. वाक्याच्या शेवटापासून मागे येत चिनी क्रम लावायची सवय याने सुटते. पहिले काही दिवस मुलाला याचा त्रास होतो, वेग कमी होतो, ते तक्रार करतं. तरी सोडू नका.

दोन खास खड्डे सांगून ठेवतो. चिनीत क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे किंवा कर्त्याप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे ‘द चिल्ड्रन टॉट अ‍ॅट होम डिड बेटर’ हे वाक्य मुलं ‘मुलांनी घरी शिकवलं’ असं वाचतात आणि ‘डिड बेटर’पाशी अडकतात. आपण ‘घरी शिकवलेली मुलं’ म्हणतो. ‘शिकवलं’ आणि ‘शिकवलेली’ यांत जो फरक आहे तो इंग्रजीत एकाच रूपात लपलेला असतो. अशी दहा-बारा वाक्यं गोळा करा आणि प्रत्येकात खरं मुख्य क्रियापद कुठलं ते शोधायला लावा.

दुसरा खड्डा न घडलेल्या गोष्टींचा. ‘इफ ही हॅड कॉल्ड, दे वुड हॅव वेटेड.’ विचारा, त्याने फोन केला का? कितीतरी मुलं ‘हो’ म्हणतात. चिनीत ‘केला असता तर’ हा भाव क्रियापदाच्या रूपातून येत नाही, संदर्भावरून समजून घ्यावा लागतो. दुसऱ्या उताऱ्यात, जिथे कुणीतरी आपला अनुभव सांगतं, तिथे या एका वाक्यावरून गोष्ट उलटी वाचली जाते.

शब्द

अभ्यासक्रमाप्रमाणे उच्च माध्यमिकच्या अखेरीस सुमारे ३००० शब्द यायला हवेत. आपल्या मुलांच्या कानावर हॉस्पिटल, सिग्नल, रिपोर्ट, टेन्शन हे शब्द घरातच पडतात, चिनी मुलाला ही फुकटची शिदोरी नसते. चिनी भाषा बाहेरचा शब्द सहसा आवाजासकट घेत नाही, आपला नवा शब्द घडवते. म्हणजे त्या मुलाने प्रत्येक इंग्रजी शब्द कष्टाने मिळवलेला आहे. याची जाण ठेवा आणि ‘एवढा सोपा शब्द येत नाही?’ असं कधीही म्हणू नका.

बऱ्याच मुलांनी शब्द वर्णानुक्रमाच्या पुस्तकांतून पाठ केलेले असतात, सुरुवात ‘अबॅन्डन’पासून. एका इंग्रजी शब्दासमोर एक चिनी अर्थ. अडचण येते ती ओळखीच्या शब्दाने अनोळखी काम केलं की. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता हे माहीत असतं, पण उताऱ्यात सरकार एखादी समस्या ‘अ‍ॅड्रेस’ करतं. ‘कंपनी’ म्हणजे सोबत, ‘बुक’ म्हणजे जागा राखून ठेवणं. परीक्षा घेणाऱ्यांना हे शब्द फार आवडतात. म्हणून नव्या शब्दांच्या मागे न लागता अशा ओळखीच्या शब्दांची वेगळी वही करायला लावा, प्रत्येक शब्दासोबत तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहून. पहिल्या वाचनात शब्दकोश पूर्ण बंद.

प्रश्न आणि पुरावा

वाक्य हाती आलं की प्रश्नांकडे वळा, त्याआधी नको. प्रश्न चार जातींचे असतात: तपशील, अनुमान, शब्दाचा अर्थ, मुख्य आशय. मुलांना या जातींची चिनी नावं तोंडपाठ असतात, तुम्ही वर्गीकरण शिकवत बसू नका. एकच नियम घाला: उत्तरासोबत ओळीचा क्रमांक दिला नाही, तर बरोबर उत्तरही मान्य नाही. आणि उरलेले तीन पर्याय का चुकीचे, तेही सांगायचं.

एक नमुना देतो. समजा उतारा असा आहे: एका गावातलं वाचनालय शनिवारी लोकांना दुरुस्तीची हत्यारं उसनी देतं. पहिल्या वर्षी फार थोडे लोक आले. मग ग्रंथपालाने वस्तू दुरुस्त करायला शिकवण्यासाठी गावातल्या जुन्या कारागिरांना बोलावलं आणि रांगा लागल्या. प्रश्न: लोक का येऊ लागले? पर्याय: हत्यारं फुकट होती, शनिवारी सुट्टी होती, दुरुस्ती शिकता येत होती, वाचनालय नवं होतं. बरीच मुलं ‘फुकट’ निवडतील, कारण ते पटण्यासारखं आहे. पण हत्यारं पहिल्या वर्षीही उसनी मिळतच होती आणि तेव्हा लोक आले नव्हते. बदललं काय, ते ‘मग’ या शब्दानंतर आहे. पटण्यासारखं आणि लिहिलेलं या दोहोंतला फरक मुलाने एकदा स्वतः बोट ठेवून पाहिला की त्याचे पुष्कळ गुण वाचतात.

मुख्य आशयाच्या प्रश्नात वेगळा मोह असतो. चिनी भाषेच्या तासाला मुलांना धड्याचा मध्यवर्ती विचार शोधायची आणि त्यातून काही उदात्त काढायची सवय लागलेली असते. मग चिकाटी, मैत्री किंवा निसर्गप्रेम सांगणारा पर्याय दिसला की हात तिकडे जातो, उतारा मधमाश्यांच्या दिशा ओळखण्याबद्दल असला तरी. उपाय साधा आहे. पर्याय झाकून ठेवायचे आणि आधी स्वतःच्या शब्दांत उताऱ्याला नाव द्यायचं. मग त्या नावाच्या सर्वांत जवळचा पर्याय शोधायचा.

‘सातांतून पाच’साठी सर्वनामांवर भर द्या. चिनीत, मराठीसारखंच, कर्ता समजण्यासारखा असला की गाळून टाकतात. इंग्रजी मात्र ‘इट’, ‘दे’, ‘दिस’ लिहितेच, आणि काढून घेतलेलं वाक्य कुठे बसतं याचा धागा बहुतेकदा तिथेच असतो. प्रत्येक ‘दिस’समोर ‘हे म्हणजे काय?’ ते लिहायला लावा.

वर्गातलं वागणं

मुलं तुम्हाला ‘लाओशी’ म्हणतील, शिक्षकासाठीचं आदराचं संबोधन. पन्नासच्या आसपास मुलांच्या वर्गात वाढलेलं मूल सहसा हात वर करून शंका विचारत नाही. चुकीचं बोलून चारचौघांत मान खाली जाईल ही भीती मोठी असते. म्हणून ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर कायम होच येतं. ‘कुठल्या ओळीपाशी थांबलास?’ असं विचारा. थांबणं हे सगळ्यांचंच होतं, त्यात कमीपणा नाही. गटात शिकवत असाल तर उत्तर आधी जोडीत बोलू द्या, मग सर्वांसमोर.

शेवटच्या वर्षाच्या, ‘गाओ सान’च्या मुलांवर जास्तीचा गृहपाठ लादू नका. सकाळी सातच्या आसपास सुरू झालेला त्यांचा दिवस संध्याकाळच्या सक्तीच्या स्वाध्यायासह रात्री दहापर्यंत चालतो. त्यांच्याकडे तुमच्यासाठी वीस मिनिटं असतील. एक उतारा, नीट, पुराव्यासह, बस. एकामागून एक पेपर सोडवत जाण्याला ते ‘शुआ थी’ म्हणतात. ते शाळेत पुरेसं होतं. तुमच्यासोबत चुकलेला एकच प्रश्न शेवटापर्यंत सोडवलेला बरा.

पहिल्या वर्षाचं मूल मिळालं तर मात्र नशीब समजा. त्याला सोप्या भाषेतल्या गोष्टींची पुस्तकं द्या, ज्यात पानावर दोन-तीनच शब्द नवे असतील. त्यावर प्रश्न विचारू नका, पुढे काय होईल ते विचारा. ‘पुढे काय’ची ही सवय शेवटच्या पेपरात गोष्ट पुढे नेताना थेट कामी येते. तिथेही आकलनच तपासलं जातं: पात्राचा स्वभाव बदलून टाकणारं लेखन, इंग्रजी कितीही शुद्ध असलं, तरी गुण घालवतं.

मे महिना

शेवटच्या महिन्यात नवं काही शिकवू नका. घड्याळ लावून दुपारी तीन वाजता वाचायला बसवा, कारण पेपर त्याच वेळी आहे. श्रवणाचा भाग त्याच पेपरात असेल तर तो साधारण २० मिनिटं घेतो. उरलेल्या शंभर मिनिटांतली ३५ वाचनाच्या पन्नास गुणांना द्यावीत, निदान तेवढाच वेळ लेखनाला राहावा. पहिला उतारा चार-पाच मिनिटांत संपवायचा, त्यात प्रश्न आधी वाचायचे आणि मग माहिती शोधायची. शेवटच्या दोन उताऱ्यांत मात्र आधी उतारा, मग प्रश्न. एखाद्या वाक्यापाशी दुसऱ्यांदा अडकलं तर क्रियापद आणि कर्ता शोधायचा, तरी सुटलं नाही तर खूण करून पुढे. उत्तरपत्रिकेचे ठिपके प्रत्येक उतारा संपल्यावर लगेच २बी पेन्सिलीने भरायचे, शेवटी एकदम भरायला ठेवायचे नाहीत.